सर, हांव येतां?

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. पाळी, डिचोली तालुका.

पोचलो एकदाचा! पहाटे कोल्हापूर सोडलं. बेळगाव, चोर्ला घाट, साखळी, आणि साखळीतनं कदंबाची बस थेट शाळेच्या दारात. कंडक्टरनं उतरवताना विचारलं, शूटिंगचे मास्तर तुम्हीच काय? म्हणजे माझी बातमी माझ्या आधी येऊन बसलेली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. चौदा वर्षं लग्नं शूट केली, पण मास्तर म्हणून हाक आज पहिल्यांदा ऐकली.

ही वही पूनमनं दिलीय. ती म्हणाली, तिकडं तुम्हाला बोलायला कुणी असणार नाही, मग सगळा वैताग फोनवर माझ्यावर काढाल, त्यापेक्षा वहीत काढा. बायको बारा गावचं पाणी प्यायलेली आहे.

खोली झकास. मालकीण शेवंताबाई म्हणजे एकटीच बाई, पण घर आरशासारखं. खिडकीला ती जनेल म्हणते. सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, तेव्हा उठायला गजर लावू नका म्हणाली.

शाळा चिऱ्यांची, बैठी. पुढं मोठं मैदान. मैदान डाव्या अंगाला पुरुषभर उंचीच्या बांधावर संपतं, बांधाखाली तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं बंद पडलेली खाण. खाणीत पाणी साठलंय, हिरवंनिळं. बघून पहिला विचार आला तो हाच, की भावा, बॅकग्राउंड फुकटात मिळालं.

मुख्याध्यापिका पद्मावती टीचर. इथं बाईंना टीचरच म्हणतात. त्यांनी काम समजावून सांगितलं. नववीच्या एकतीस मुलांना व्हिडिओ शूटिंगचे पहिले धडे द्यायचे आणि वीस डिसेंबरच्या गॅदरिंगला मुलांनीच काढलेली दहा मिनिटांची फिल्म दाखवायची. शाळेच्या कमिटीला ती पसंत पडली तर नोकरी कायम. मग पूनम आणि तेजू इकडं माझ्याकडं.

तेजू म्हणजे तेजस्विनी, आमची पोरगी. चौदा डिसेंबरला सहा वर्षांची होते. निघताना तिनं मला बोटावर मोजून दाखवलं. बारशाच्या फोटोत बाबा नाहीत, पहिल्या वाढदिवसाला नाहीत, शाळेच्या पहिल्या दिवशी नाहीत. कसा असणार? कॅमेऱ्यामागं मीच की! दुसऱ्याच्या पोरांचे हजार फोटो काढले आणि स्वतःच्या पोरीबरोबर एक नाही. तिला शब्द दिलाय, यंदा मी फोटोत येणार. ती म्हणाली, बाबा, मी तुमची जागा धरून ठेवतो. आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच, आलो-गेलो करत बोलणाऱ्या.

पूनमला दोन सूचना देऊन आलोय. एक, फोटो संध्याकाळी पाचच्या उजेडात काढायचा, गच्चीवर तो सगळ्यात चांगला पडतो. दुसरी, पोरीला गच्चीवर एकटं सोडायचं नाही. तिकडच्या घरमालकानं वर मजला चढवायचा म्हणून कठडा पाडलाय आणि दिवाळीपासून तसाच ठेवलाय. माणूस आहे का कोण!

बुधवार, १२ नोव्हेंबर.

डोक्याला नुसता ताप.

शाळेकडं आठ मोबाईल आणि दोन स्टँड आहेत. चार-चार मुलांचे गट केले. पहिला धडा, मोबाईल आडवा धरा. आडवा! दहा वेळा ओरडलो तरी निम्मे उभेच. दुसरा धडा, बटण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मगच हला. एकानं मोठ्यानं मोजलं, सगळं रेकॉर्ड झालं. तिसरा धडा, झूम करायचं नाही, पायानं पुढं जायचं. मग सगळे एकदम पुढं गेले आणि एकमेकांवर आदळले.

तेही चालतं. पोरं आहेत. पण एक गोष्ट डोक्यातनं जाईना. पडद्यावर नऊ घरांची जाळी लावून दिली, माणूस कुठं ठेवायचा ते समजावलं, आणि आठही मोबाईलवर डावीकडची तीन घरं रिकामी. प्रत्येकाची! माणूस उजवीकडं चेपलेला आणि डावीकडं नुसती मोकळी जागा. मला वाटलं, मीच शिकवताना काहीतरी घोळ घातला. म्हणून त्यांचे दिवाळीच्या सुट्टीतले फोटो मागवले. नरकासुराचे, किल्ल्यांचे, सगळ्यांत तेच. मी यायच्या आधीपासूनची सवय आहे ही.

विचारलं तर कुणी तोंड उघडत नाही. सुविधा म्हणून एक पोरगी आहे, हात दगडासारखा स्थिर, सगळ्या वर्गात तीच एक कामाची. तिला विचारलं. ती म्हणाली, सर, आमी तशेच काडटात. आम्ही तसेच काढतो. झालं उत्तर!

आणि दुसरी कटकट म्हणजे, कॅमेरा लावला की प्रत्येक जण विचारतो, सर, हांव येतां? म्हणजे मी फोटोत येतो का. लग्नात मावश्या विचारतात तसंच. मला त्याचं काय, चौदा वर्षांची सवय. मान वर न करता म्हणतो, येतेस, येतेस, जरा मागं सर.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

आज शिपायानं माझी शाळा घेतली. विठूमामा, पंचावन्नचा असेल, इथंच जन्म गेला त्याचा. मी व्हरांड्यात भिंतीवरचे ग्रुप फोटो बघत होतो. दर वर्षीच्या नववीचा एक. २०१४ पासून आजवर प्रत्येक फोटोत डाव्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी! आणि २०१३ चा फोटोच नाही, नुसता खिळा.

मी म्हणालो, मामा, तुमच्या फोटोग्राफरला चष्मा लागलाय काय? तो हसला नाही. म्हणाला, सर, एक सांगू? वर्गात कुणी विचारलं, हांव येतां, तर आधी नाव घ्या. सुविधा, तू येतेस. प्रज्योत, तू येतोस. नाव घेतल्याबिगर कुणाला येतेस म्हणू नका. आमच्याकडं पोरं एकमेकांनाही तशीच सांगतात.

मला नावं लक्षात राहत नाहीत. ए तू, ए चष्मेवाली, ए लांब्या, असंच चालतं माझं. एकतीस नावं पाठ करत बसलो तर शूटिंग कधी शिकवू? मी तसं म्हणालो. मामा घंटा द्यायला गेला. जाताना एवढंच म्हणाला, मग निदान ती जागा तरी भरू नका.

अरे, फ्रेम कशी लावायची हे आता शिपाई शिकवणार मला! पूनमला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, बघा, नावं लक्षात ठेवा, माझंही एकदा विसरला होता. साखरपुड्यात एकदा चुकलो, ते अजून ऐकवते.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

आज सोक्षमोक्ष लावला.

फिल्मच्या सुरुवातीला वर्गाचा एक ग्रुप शॉट हवा. मैदानावर तीन ओळी केल्या. पोरांनी आपोआप डाव्या टोकाला जागा सोडली. मी म्हणालो, सरका. सरकेनात. सरका म्हणतोय ना! एकतीस जण आणि हलायला एकही तयार नाही. शेवटी प्रज्योतचा दंड धरला, पोरगा चांगला उंच आहे, टोकाला शोभेल असा. त्याला ओढून त्या जागेवर उभा केला. त्याच्या डोळ्यांत पाणी. नववीतला घोडा! मी अजून भडकलो. फोटो काढतोय, इंजेक्शन देत नाही, म्हणालो.

फ्रेम पहिल्यांदा गच्च भरली. मी पडद्यात मान घालून उजेड बघत होतो, तेवढ्यात डावीकडनं कुणीतरी विचारलं, सर, हांव येतां?

मी म्हणालो, येतेस, येतेस, ये. जरा मागं सर.

बटण दाबलं. वर बघितलं तर एकालाही हसू नाही. सुविधानं हळूच विचारलं, सर, तुमी कोणाक सांगलें? मी म्हणालो, जिनं विचारलं तिला. ती म्हणाली, सर, कोणेंच विचारूंक ना.

कुणी विचारलंच नाही म्हणे. सगळी मिळून माझी फिरकी घेतायत. नवीन मास्तर दिसला की पोरं घेतातच. मी पण काही कमी नाही म्हणावं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

फोटो मोठा करून बघितला. वाया गेलाय. एकतीसच्या एकतीस पोरं कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, डावीकडं बघतायत. आणि प्रज्योतच्या पलीकडं, अगदी कडेला, एक अर्धी बाही आणि लाल रिबिनीची वेणी आलीय. बाही निळी आहे.

शाळेचा गणवेश मरून चौकटीचा आहे.

पद्मावती टीचरना विचारलं, निळा गणवेश कुठल्या शाळेचा? त्या कागदावर सही करत होत्या. पेन थांबलं. म्हणाल्या, आमचाच, पण जुना, बदलून आता दहा-बारा वर्षं झाली. मग फोटो दाखवा म्हणाल्या, आणि बघून मोबाईल पालथा ठेवला. मी विचारत राहिलो, त्या सही करत राहिल्या. इथं प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला माणसांना काय त्रास होतो कळत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.



सुविधा पडली.

बांधाजवळ शूट होतं. ती गावाची माहिती सांगणार, मागं खाणीचं पाणी. कॅमेरा मी स्वतः धरला होता, तिच्या गटातले बाकीचे तिघं मागं बसलेले. तिनं विचारलं, सर, हांव येतां? मी नुसती मान हलवली. ती बोलायला लागली. बोलता बोलता एक पाऊल मागं गेली. मग अजून एक. मला वाटलं, थांबेल. मी ओरडेपर्यंत ती बांधावरनं खाली गेलेली.

मनगट मोडलं. साखळीला नेलं, प्लास्टर घातलं. खाली गवत होतं आणि पुढं कुंपण आहे, म्हणून एवढ्यावर निभावलं.

पोरगी शुद्धीवर होती. तिच्या आईनं विचारलं, मागं का गेलीस गो? ती म्हणाली, सर सांगताले. सर सारखे मागं सर, अजून मागं सर म्हणत होते. मी म्हणालो, मी एक शब्द बोललो नाही! तर बाकीची पोरं माझ्याकडं बघायला लागली. तिघांनीही ऐकलं म्हणे. तिची आई मला काय बोलली ते लिहीत नाही. मी तिच्या जागी असतो तर हात उचलला असता.

खोलीवर येऊन रेकॉर्डिंग लावलं. सुविधाचा आवाज आहे. आणि त्याच्यावर, अगदी माईकजवळ, माझा आवाज. येतेस, येतेस. जरा मागं सर. अजून. अजून थोडी.

मी बोललो नव्हतो. देवाशपथ मी बोललो नव्हतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर.

विठूमामाला गाठलं. आता सांगितल्याशिवाय सोडत नाही म्हणालो. त्यानं सांगितलं.

२०१३. नववीचा ग्रुप फोटो. तेव्हा कुंपण नव्हतं आणि बांधाखाली थेट खाण होती. फोटोग्राफर बाहेरगावचा, पोरांची नावं माहीत नाहीत. कमल म्हणून एक मुलगी, डाव्या टोकाला उभी. साधी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. फ्रेममध्ये बसत नव्हती. तिनं विचारलं, सर, हांव येतां? त्यानं मान वर न करता सांगितलं, येतेस, येतेस, जरा मागं सर. ती सरली. तिनं परत विचारलं. तो परत म्हणाला, अजून जरा. मोठ्या माणसाचं ऐकायचं एवढंच तिला शिकवलेलं. बटण दाबून त्यानं वर बघितलं तेव्हा जागा रिकामी होती.

मामानं स्वतः पाण्यात उडी मारली होती. हाताला लागली ती फक्त रिबीन.

तेव्हापासून पोरं तिची जागा सोडतात. ती तिथं उभी राहते, कधीमधी विचारते, कुणी उत्तर देत नाही, आणि ती कुणाला काही करत नाही. बारा वर्षं असंच चाललंय. मी तिची जागा भरली आणि वर तिला ये म्हणालो. मामा म्हणाला, सर, तिला फोटोत यायचं आहे फक्त. पण जागा करायची म्हणजे कुणाला तरी मागं सारायचं, एवढंच तिला ठाऊक.

मी विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, काय सांगू, आजवर कुणी बोलावलंच नव्हतं तिला.

मी भुतंखेतं मानत नाही. कधी मानली नाहीत. पण तो फोटोग्राफर जे बोलला तेच मी चौदा वर्षं बोलतोय, हे कुठं ठेवू?

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

जागा परत सोडायला लावली. पोरांनी मुकाट्यानं सोडली. शूट करून बघितलं. काही नाही. कुणी विचारलं नाही.

प्रज्योत म्हणाला, सर, ती आता हांगा ना. इथं नाही.

मग कुठं आहे म्हणून विचारलं. तो माझ्या डाव्या खांद्याकडं बघत राहिला.

रविवार, ३० नोव्हेंबर.

तेजूचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर मी कोपऱ्यात चेपलेला, उजवीकडं. डावीकडं शेवंताबाईची भिंत, रिकामी. मधोमध बसलो. बोलता बोलता बघतो तर परत उजवीकडं. मी सरकलो नव्हतो. तेजूला काही कळलं नाही, ती केकवर ससा हवा म्हणून सांगत होती. मी हो हो म्हणत राहिलो. पूनमला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

उद्यापासून साधाच फोन करायचा. आवाजावर.

शनिवार, ६ डिसेंबर.

आठवडाभर टाळलं. आज तेजूनंच पूनमच्या मोबाईलवरनं व्हिडिओ लावला आणि मी सवयीनं उचलला. घाईत. मूर्खासारखा.

ती म्हणाली, बाबा, तुमच्याजवळ ती दीदी कोण आहे?

मी म्हणालो, कुणी नाही बाळा. ती म्हणाली, आहे की, निळ्या ड्रेसची, केस ओले आहेत. मी फोन ठेव म्हणालो. ती हसत होती. म्हणाली, दीदी विचारतेय, हांव येतां. म्हणजे काय हो बाबा? मी ओरडलो, काही बोलू नको! आणि ती घाबरायच्या आधीच बोलून गेली होती. ये की, माझ्या वाढदिवसाला ये.

पूनमनंच तिला शिकवलंय, कुणी येतो म्हणालं की ये म्हणावं.

फोन कट केला. भिंतीकडं बघत बसलो. शेवंताबाईनं जेवायला हाक मारली, गेलो नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर.

पूनमला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. फोटो काढू नका, गच्चीवर जाऊ नका, कुणी काही विचारलं तर —

पूनम मग म्हणाली, यायचं नसेल तर सरळ सांगा ना. सहा वर्षं झाली. आजपर्यंत लग्नाची ऑर्डर असायची, आता भूत आलं. पोरीला काय सांगू, बाबांना भुतानं अडवलं?

मी शिव्या दिल्या. तिनं फोन ठेवला. माझंच चुकलं. पण ऐकतच नाही कुणी! सांगतोय तर ऐकत नाही!

शनिवार, १३ डिसेंबर.

गेली.

तीन दिवस झाले. काल स्वतःचे दहा फोटो काढून बघितले, दहाही बरोबर मधोमध. रेकॉर्डिंगमध्ये आवाज नाही. पोरांना विचारलं, दिसते का? नाही म्हणाली. प्रज्योत हसलासुद्धा.

दुपारी कमिटीनं गॅदरिंगच्या आधीच फिल्म बघून घेतली. शेवटी टाळ्या! सुविधा प्लास्टर घालून आली होती, तिनंच संकलन केलंय एका हातानं. पद्मावती टीचर म्हणाल्या, नोकरीचं पत्र सोमवारी देते. मी व्हरांड्यात जाऊन रडलो, विठूमामानं पाणी आणून दिलं. कुठं गेली असेल ती, मी विचारलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, जिथं कुणी ये म्हणालं असेल तिथं.

तेव्हा लक्ष दिलं नाही. आनंदात होतो.

पूनमला फोन केला, माफी मागितली, नोकरीचं सांगितलं. ती पण रडली. उद्या सकाळच्या बसनं निघतो, चारपर्यंत घरी. यंदा मी फोटोत येणार.

रविवार, १४ डिसेंबर. बसमध्ये.

साखळी सुटताना पूनमचा फोटो आला. तेजू नव्या फ्रॉकमध्ये. उजवीकडं. डावीकडची तीन घरं रिकामी.

पूनमनं खाली लिहिलंय, बघा, तुमची जागा धरून उभी आहे, सरक म्हटलं तर सरकत नाही.

जिथं कुणी ये म्हणालं असेल तिथं.

तेजू म्हणाली होती. तेजूच म्हणाली होती ये. लगेच फोन लावला, तर रेंज गेलेली.

दीड वाजता. चोर्ला घाट.

अकरापासून ट्रक आडवा झालाय. दोन्हीकडं रांगा. रेंज नाही. ड्रायव्हरला म्हणालो, मला पुढं जायचंय, पोरीचा — तो म्हणाला, सगळ्यांनाच जायचंय. खाली उतरून पुढं चालत गेलो, पलीकडंही गाड्या जागच्या जागी. परत आलो.

फोन लावतोय. लागत नाही. मेसेज टाकला, गच्चीवर जाऊ नका. एकच टिक.

सव्वाचार.

अजून तिथंच. पाचचा उजेड मीच सांगितला होता. गच्चीवर तो सगळ्यात चांगला पडतो, हेही मीच सांगितलं होतं. मीच.

अजून एकच टिक.

पाच वाजून सात मिनिटं.

एक कांडी रेंज आली. पूनमचा मेसेज येऊन पडला, आवाजातला, बोलता बोलता चुकून रेकॉर्ड झालेला. ऐकला. हसतेय ती. म्हणते, आधी असंच गोड बोलला असता तर! तुम्ही लाइनवर आहात म्हटल्यावर पोरगी किती खूश झालीय बघा, तुमची जागा सोडून उभी केलीय, सांगा आता, बसते का फ्रेममध्ये —

मी लाइनवर नाही.

मी लाइनवर नाही पूनम

लांबनं तेजूचा आवाज. बाबा, मी येतो का?

आणि माझा. माझाच. येतेस, येतेस. जरा मागं सर.

रेंज गेली. नाव घ्यायचं असतं आधी. मामा म्हणाला होता. नाव घेऊन सांगायचं. टाइप केलं, जात नाही, ओरडलो, बसमधली माणसं बघतायत — जात नाही म्हणून इथं लिहितोय, नाव घेऊन लिहितोय —

तेजस्विनी, पुढं ये. तेजस्विनी, बाबा सांगतोय, पुढं ये. तेजस्विनी, पु